चष्मा पुसणारा साक्षीदार

पेपरच्या शंभरीला चार महिने उरले असताना संपादकांनी नोंदताईला केबिनमध्ये बोलावलं आणि असं काम दिलं, की दुसऱ्या कुणी लांबूनच हात जोडले असते. शंभर वर्षांच्या अंकांमधून 'पाहणं' कसकसं येत गेलं, यावर एक मोठा लेख लिहायचा. कोण बघत होतं, कुठून बघत होतं, आणि बातमीत ते कोणत्या शब्दांत सांगितलं जायचं. कल्पना संपादकांची स्वतःची नव्हती, कुठल्याशा व्याख्यानात ऐकलेली होती. पण ती पेलणारं माणूस अख्ख्या इमारतीत एकच आहे, एवढं त्यांना कळत होतं.

नोंदताई तळमजल्यावरच्या संदर्भ विभागात सव्वीस वर्षं होती. तिचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. जुन्या अंकांचे बांधीव खंड, कात्रणांची पाकिटं आणि लाकडी खणांमधली नोंदीची कार्डं हा तिचा संसार. वरच्या मजल्यावरून कुणी धावत येऊन 'ताई, तो मोठा पूर कोणत्या साली?' असं विचारलं, की ती साल सांगायची, तारीख सांगायची, आणि वर 'पान तीन, खालचा कोपरा' हेही सांगायची. संगणकापेक्षा ताई बरी, असं लोक म्हणायचे; संगणक आधी चालू करावा लागतो.

तिनं कामाला सुरुवात केली आणि तिला त्यात गोडी लागली. अगदी पहिल्या वर्षांत बातमीदार असा कुणी नव्हताच. संपादकच लिहायचे, आणि 'आम्ही समक्ष पाहिले' असं ठणकावून सांगायचे, जणू त्यांनी पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. पुढे 'आमच्या एका विश्वासू मित्राने पाहिले' आलं. मग मित्र गेला, 'पाहणारे सांगतात' आलं, आणि त्याचाच हळूहळू 'प्रत्यक्षदर्शी' झाला. बघ्यांची गर्दी मात्र शंभर वर्षांत जागची हलली नव्हती. आग असो, अपघात असो की हाणामारी, ती आपली 'एकच' जमायची. ताईच्या हेही ध्यानात आलं, की बातमीतल्या बाया नेहमी खिडकीतून बघतात, पुरुष रस्त्यात उभे राहून बघतात, पोलीस पाळत ठेवतात, आणि साहेब लोक कधी नुसते बघत नाहीत, ते पाहणी करतात. एकदा पाहणी केली की पुढे काही करावं लागत नाही, असं तिनं वहीत लिहिलं आणि मग हसून खोडलं.

खरा पाहणारा कसा ओळखायचा, तेही तिला उमगू लागलं होतं. ज्यानं खरंच पाहिलेलं असतं तो भलतंच काहीतरी सांगतो. नाव उलटली त्या दिवशीची एक कपडे धुणारी बाई सांगते, की पाण्यावर एक चप्पल सरळ, पायात घातल्यासारखी तरंगत होती. त्या चपलेचा बातमीला काडीचा उपयोग नाही, पण बाई तिथे होती यात शंका उरत नाही. उलट 'काळजाचा थरकाप उडाला' असं जो सांगतो त्याच्याबद्दल ताईला शंका यायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं छत्तीस वर्षांपूर्वीचा खंड काढला. त्यात लाकडाच्या वखारीला लागलेल्या आगीची बातमी होती. फिरायला निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या प्रतिनिधीस सांगितले, 'धूर आहे की धुके, ते मला आधी कळेना. मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले. आत माणूस होता.'

ताईचा हात पानावरच राहिला. चष्मा पुसण्याचं हे वाक्य तिला पाठ होतं. पण ते या बातमीतलं नव्हतं. ते तिच्या वडलांच्या बातमीतलं होतं.

तिचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. स्टेशनातून घंटा आली की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं, असं सोळा वर्षं. ती बारा वर्षांची असताना एका सकाळी, सहाला वीस मिनिटं कमी असताना, दाट धुक्यात पहिल्या पाळीचे कामगार घेऊन निघालेली बस उघड्या फाटकातून रुळांवर आली आणि मालगाडीनं तिला उडवलं. सात माणसं गेली. वडील सांगत राहिले की घंटा वाजलीच नाही. स्टेशनातला माणूस सांगत राहिला की घंटा दिली होती. दोघांपैकी एक खोटं बोलत होता आणि कोण ते ठरवायला काहीच साधन नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर एका वृद्ध गृहस्थांचं म्हणणं होतं. 'धुक्यामुळे मला आधी खात्री वाटेना. मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले. फाटकवाला खुर्चीत मान टाकून झोपला होता.'

चौकशी समितीनं त्या गृहस्थांना शोधलं. ते सापडले नाहीत. तरी अहवालात त्यांचं वाक्य आलं, आणि स्टेशनातल्या माणसाच्या बाजूला ते बसल्यावर तागडी खाली गेली. वडलांची नोकरी सुटली, रेल्वेची खोली सुटली. गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं. वडील वेताच्या खुर्च्या विणायला लागले. काम करता करता, कुणी काही विचारलेलं नसताना, ते मध्येच म्हणायचे, "मी जागा होतो." आई हूं म्हणायची. शाळेत पोरी ताईच्या बाकावर डोकं टेकून घोरल्याचं सोंग करायच्या. पंधरा वर्षांची असताना एकदा ती घरी आली ती तशीच तापलेली, आणि वडलांनी नेमकं तेच वाक्य म्हटलं. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, पेपरात छापून आलंय." वडलांनी हातातली वेताची पट्टी खाली ठेवली. त्यानंतर चार वर्षं जगले, पण ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

त्या बातमीचे बातमीदार म्हणजे काका.

काका अपघातानंतर वर्षभरानं घरी आले होते. बातमी मीच लिहिली, असं त्यांनी दारातच सांगितलं. लोक सांगतील ते लिहावं लागतं, मनात राग धरू नका, असंही म्हणाले. वडलांनी स्वतः विणलेली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून काका येतच राहिले. ताईला शब्दकोश आणून दिला तो काकांनी, कॉलेजात कोणते विषय घ्यायचे ते सांगितलं काकांनी, वडील गेले तेव्हा धावपळ केली काकांनी, आणि पेपरात संदर्भ विभागात जागा निघाल्यावर तिचा अर्ज स्वतः लिहून घेतला तोही काकांनी. त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी जिन्याच्या वळणावर त्यांचा फोटो होता आणि नवे बातमीदार तिथून जाताना आवाज खाली घेत. दर रविवारी सकाळी ताई त्यांच्याकडे जायची. वडलांनंतर वडलांच्या जागी असं कुणी असेल, तर ते काकाच.

म्हणून तिनं आधी मनाची समजूत घालून पाहिली. एखादा म्हातारा खरंच सगळीकडे फिरत असेल. एखाद्याला चष्मा पुसायची सवय असेल. पण काकांनी नोकरीत काढलेली बावीस वर्षं तिनं आठ दिवसांत पानन् पान चाळली. म्हातारा तिला अकरा ठिकाणी भेटला. शाळेची भिंत पडली तेव्हा तो समोरून जात होता. सोनाराचं दुकान फुटलं तेव्हा तो कोपऱ्यावर उभा होता. पूल खचला तिथेही तो होता, आणि तो पूल गावापासून वीस मैलांवर. प्रत्येक वेळी आधी खात्री वाटत नव्हती, प्रत्येक वेळी चष्मा निघत होता, पुसला जात होता, आणि मग त्याला अचूक दिसत होतं. बावीस वर्षांत त्याचं वय एका वर्षानंही वाढलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही बातमीदाराला तो एकदाही भेटला नव्हता.

बातमीदार बाहेर पडताना वेळ लिहायचे त्या वह्याही तळमजल्यावरच होत्या. अपघाताच्या दिवशी काकांच्या नावापुढे पावणेदहा लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. सकाळी फिरायला निघालेला माणूस चार तास फाटकाशी उभा राहत नाही.

रविवारी ती नेहमीच्या वेळी काकांकडे गेली. काकूनं दार उघडलं, चहाचं विचारलं. काका खिडकीपाशी पेपर वाचत होते. ताईनं अकरा बातम्यांच्या प्रती त्यांच्यापुढे टेबलावर मांडल्या. फाटकाची बातमी तिनं मुद्दाम वर ठेवली नव्हती, ती सालाप्रमाणे जिथे यायची तिथेच ठेवली. काकांनी पहिली वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या कागदाला त्यांनी हात लावला नाही.

"हा म्हातारा कोण, काका?"

काकांनी वाचलेले दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "माझे वडील."

त्यांचे वडील शाळामास्तर होते. कुणी काही दाखवायला आणलं, कागद असो की जखम, की आधी चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि मगच बघायचे. त्यांनी एकदा बघून सांगितलं, की गाव पुन्हा विचारायचं नाही. वखारीच्या आगीच्या दिवशी तेव्हाचे संपादक डोक्यावर उभे होते, कुणी पाहिलं का, कुणी पाहिलं का असं दहादा विचारत होते, आणि पाहिलेलं कुणी मिळत नव्हतं. काकांनी तेव्हा आपल्या वडलांना तिथे नेऊन उभं केलं. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बातमी उत्तम वठली. संपादकांनी पाठ थोपटली. कुणाचं काही बिघडलं नाही. मग सवय झाली.

"आणि फाटकाच्या वेळी?"

"मी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बस ओढून बाजूला घेतली होती. जो तो म्हणत होता, फाटकवाला झोपला असणार. सगळेच म्हणत होते, बाळ. मी त्या सगळ्यांना एक तोंड दिलं, एवढंच."

"म्हणत होते. पाहिलं कुणी नव्हतं."

"नव्हतं."

समिती त्या म्हाताऱ्याला शोधत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, की तेव्हा पुढे आलो असतो तर नोकरी गेली असती, पेपरची अब्रू गेली असती. वर्षभर झोप लागेना, म्हणून एक दिवस सगळं सांगून टाकायचं ठरवून ते तिच्या घरी आले होते.

"तुझ्या बाबांनी खुर्ची पुढे केली," काका म्हणाले. "मग सांगता आलं नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. मग ते गेले."

काकू चहाचे कप घेऊन दारात येऊन थांबली होती. ताई उठली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना सोपं गेलं असतं.

"तुम्ही तुमच्या बापाला माझ्या बापाविरुद्ध साक्षीला उभं केलंत," ती म्हणाली. "आणि नंतर तीस वर्षं माझ्या बापाच्या जागेवर येऊन बसलात."

कागद तिथेच टाकून ती जिना उतरली.

घरी जाताना बसमध्ये तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात एकेक वस्तू येत होती. शब्दकोश. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मिळालेलं शाईचं पेन. ती आजारी असताना काकांनी रांगेत उभं राहून आणलेलं औषध. यातलं खरं किती आणि तोंड बंद ठेवायचं मोल किती, ते तिला निवडता येईना. काकांची माया खोटी असती तर ती एका झटक्यात उपटून फेकता आली असती. ती खोटी नव्हती, आणि तेच तिला जास्त झोंबत होतं. आणि सगळ्यांच्या तळाशी ती स्वतः होती, पंधरा वर्षांची, बापाला पेपर दाखवणारी. काकांनी तो म्हातारा पेपरात बसवला होता. पण घरात त्याला हात धरून तिनंच आणलं होतं.

आईला तिनं त्याच दिवशी सांगितलं. आई वाळलेले कपडे घडी करत होती. ऐकता ऐकता तिनं एकच चादर तीनदा घडी केली आणि तीनदा उलगडली. शेवटी म्हणाली, "मी त्या माणसाला किती वेळा चहा दिला." आणि आत निघून गेली.

गुरुवारी संपादकांनी ताईला पुन्हा वर बोलावलं. त्यांचा चेहरा उजळलेला होता. ते ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान, मनानं वाईट नव्हते, पण चांगला मजकूर दिसला की त्यांना बाकी काही दिसत नसे. काकांचं पत्र आलं होतं, हातानं लिहिलेलं, चार पानी, शंभरीच्या अंकात छापण्यासाठी.

ताईनं ते उभ्या उभ्याच वाचलं. चौतीस वर्षं एक सत्य उरात दडपून ठेवलं, असं काकांनी लिहिलं होतं. अपघाताच्या सकाळी मी स्वतः त्या रस्त्यानं जात होतो. धुक्यात मला एक तांबडा ठिपका वरखाली होताना दिसला. फाटकवाला लाल कंदील घेऊन बसच्या दिशेनं धावत होता, एका पायातला बूट निसटलेला, तसाच धावत होता. बसचालकाला तो दिसला नाही. मी मात्र पाहिलं. वरिष्ठांच्या दबावापुढे मी तेव्हा वेगळं लिहिलं, आणि एका कर्तव्यदक्ष माणसाचा बळी गेला.

पत्र असं लिहिलं होतं, की ताईला क्षणभर ते दिसलं. कंदील दिसला, अनवाणी पाय खडीवर पडताना दिसला. असं झालं असेल, असलंच पाहिजे, असं तिच्या आतून कुणीतरी म्हणालं. तो बूट किती हुशारीनं निसटवला होता. खरा पाहणारा भलतंच काहीतरी सांगतो, हे काकांना तिच्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं.

"पहिलं पान देतोय," संपादक म्हणाले. ताईसाठी हे किती मोठं आहे याची आपल्याला कल्पना आहे, असंही म्हणाले. ताईनं एका दिवसाची मुदत मागितली आणि पत्राची प्रत घेऊन घरी गेली.

आईनं ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा कंदिलाशी आल्यावर तिनं ताईचा हात धरला आणि पुन्हा तेवढंच वाचायला लावलं. नंतर ती म्हणाली, छापून येऊ दे. ताईनं वहीतली वेळ सांगितली. काका पावणेदहाला ऑफिसातून निघाले होते, हा कंदील त्यांनी पाहिलेला नाही, हाही त्या म्हाताऱ्यासारखाच आहे, असं समजावलं. आईला ते कळलं होतं. तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"खोट्यानं गेलेलं नाव खोट्यानं परत येत असेल," आई म्हणाली, "तर त्यात तुझं काय जातं?"

ताईला एवढंच कळत होतं, की हे छापलं गेलं तर वडलांबद्दल पेपरात आलेली दोन्ही वाक्यं काकांनी टेबलाशी बसून रचलेली असतील. झोपलेलेही काकांचे, धावलेलेही काकांचे. यात तिचा बाप कुठेच नसेल. तिनं ते आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, तू शिकलेली आहेस, तुला असलं सुचतं. मी रस्त्यानं मान खाली घालून चालले आहे, तू नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि ताई दुसऱ्या दिवशी कामाला निघाली तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

संपादकांच्या टेबलावर ताईनं ती वही उघडून ठेवली, शेजारी अकरा कात्रणं ठेवली, आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता संपादकांचा चेहरा उतरत गेला. आधी ते म्हणाले, एवढ्या जुन्या वहीवर किती विश्वास ठेवायचा. मग म्हणाले, काका म्हणजे या पेपरची शान, शंभरीच्या तोंडावर हे कुठे काढता. शेवटी अगदी कळवळून म्हणाले, "ताई, तुमच्याच वडलांचं नाव स्वच्छ होतंय. तुम्ही का आडव्या येताय?"

"सर, ते झोपले नव्हते हे मी सिद्ध करू शकत नाही," ताई म्हणाली. "कुणीच करू शकत नाही. पण ते झोपले होते हे कुणी पाहिलं नव्हतं, एवढं मी दाखवू शकते. तेवढंच छापा."

दोन दिवस वरच्या मजल्यावर बंद दारांआड बोलणी झाली. शंभरीचा अंक निघाला तेव्हा काकांचं पत्र त्यात नव्हतं. ताईचा लेख होता, तिच्या खऱ्या नावानं, पण अकराची तीन कात्रणं झाली होती आणि बातमीदाराचं नाव कुठेच नव्हतं. सातव्या पानावर, जाहिरातीच्या खाली, बारीक टाइपात चार ओळी होत्या. चौतीस वर्षांपूर्वीच्या फाटक अपघाताच्या बातमीत ज्या प्रत्यक्षदर्शीचा उल्लेख होता, तशी व्यक्ती अस्तित्वात नव्हती. त्या वेळी फाटकावर काय घडले, हे पाहिलेला कोणीही आमच्या प्रतिनिधीस भेटला नव्हता. याबद्दल दिलगीर आहोत.

लेखाबद्दल खूप लोकांनी ताईचं कौतुक केलं. सातव्या पानाबद्दल ऑफिसात कुणी बोललं नाही. जिन्याच्या वळणावरचा फोटो तसाच राहिला, आणि ताई मागच्या जिन्यानं ये-जा करू लागली. काकूचा एकदा फोन आला. काका जेवत नाहीत, तू एकदा येऊन जा, असं म्हणाली. ताईनं येत नाही म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर तिला आपण जिंकलो असं जराही वाटलं नाही. रविवारची सकाळ आली की तिचे पाय आपोआप चपला शोधायचे. मग ती कुठेतरी भाजीला वगैरे जाऊन यायची.

आई नऊ दिवस कामापुरतंच बोलली. दहाव्या दिवशी तिनं विचारलं, पेपरात आलेल्या त्या चार ओळी कुठे आहेत. ताईनं पान काढून दिलं. आईनं ते वाचून घेतलं, नीट घडी केलं आणि कुठे ठेवलं ते सांगितलं नाही. आपण तिला माफ केलं, असं आई त्या दिवशी म्हणाली नाही आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

महिनाभरानं तळमजल्यावरचा फोन वाजला. एका बाईचा आवाज होता, साठीच्या आसपासचा. सातव्या पानावरचा मजकूर कुणी लिहिला, असं ती विचारत होती. तिचा भाऊ त्या बसमध्ये होता. वीस वर्षांचा, कारखान्यातला पहिलाच महिना.

"चौतीस वर्षं मी त्या फाटकवाल्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "आता तुम्ही छापता, की कुणी पाहिलंच नव्हतं. मग आता मी कुणाला शिव्या देऊ, ते सांगा."

ताईनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. फोन वर संपादकांकडे देता आला असता. पण ती म्हणाली, "मी त्या फाटकवाल्याची मुलगी."

बाईनं फोन ठेवला असं ताईला वाटलं. पण तिनं ठेवला नव्हता. मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिटी झाली आणि बाईनं कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"तुमचा भाऊ कसा होता?" ताईनं विचारलं.

बाई आधी तुटक बोलली, मग सलग बोलू लागली. भाऊ उंच होता, शीळ घालायचा, पहाटे उठायचा कंटाळा होता त्याला, त्या दिवशी तिनंच त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला उठवलं होतं. हे सांगताना ती मध्येच थांबली. मग बाई म्हणाली, की बातमीत सात जणांची नावं आली होती त्यात तिच्या भावाचं नाव चुकीचं छापलं होतं. आईनं तेव्हा पेपरला पत्र लिहिलं होतं, पण दुरुस्ती कधी आली नाही.

ताईनं तिला थांबायला सांगितलं, खण उघडला, अपघाताचं कार्ड काढलं. कार्डावरही बातमीतलं तेच चुकीचं नाव होतं. तिनं पेन घेतलं आणि बाईला एकेक अक्षर सांगायला लावलं.

त्या अपघाताचे जुने अंक सोमवारी येऊन बघते, असं बाई म्हणाली होती. ती सोमवारी आली नाही, बुधवारी आली, सोबत भावाचा फोटो घेऊन. ती ताईसमोर बसली, चहा नको म्हणाली, आणि त्या अंकांची मोठी पानं तिनं एकेक करून सगळी वाचली.